दिवे लागायच्या आत

फुटाणेकाकू गिऱ्हाइकाचा आधी वास घ्यायच्या आणि मग फुटाणे द्यायच्या. मी वाढवून सांगत नाही. कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली त्यांची भट्टी होती. समोर माणूस येऊन उभा राहिला की त्या हातातला झारा कढईच्या काठावर टेकवायच्या, मान जराशी पुढे काढायच्या आणि नाकाने खोल श्वास ओढायच्या. माणूस बरा निघाला तर पुडी. नाही तर, "पुढं जा बापा, इथं भेटत नाही." समोर फुटाण्यांनी भरलेली अख्खी परात असायची. माणूस परातीकडे बघायचा, काकूंकडे बघायचा आणि पुढे जायचा. वाद घालणारेही होते, पण तापलेल्या रेतीची कढई जिच्या हाताशी आहे तिच्याशी वाद फार वेळ चालत नाही.

दुसरा नियम याहून कडक होता. रस्त्यावरचे दिवे लागले की विक्री बंद. बाजारगावात संध्याकाळ ही खरी विक्रीची वेळ. शेतावरून माणसं परततात, यवतमाळहून आलेल्या एसटीतून लोक उतरतात, घरी पोरं वाट बघत असतात. नेमकं तेव्हाच काकू परातीवर फडकं टाकून मोकळ्या व्हायच्या. "दिवे लागल्यावर जो फुटाणे न्याले येते, त्याच्या पिशवीत दुसरं काय रायते ते मले ठाऊक आहे," त्या म्हणायच्या. "माहे फुटाणे गिलासाजवळ नाही जाणार." साऱ्या गल्लीला हा नियम पाठ होता. आमची आई चार वाजल्यापासून माझ्या मागे लागायची, "पळ, दिवे लागायच्या आत घेऊन ये." आमच्याकडे पाहुणे अवेळी आले तर त्यांना फुटाणे मिळत नसत.

त्यांचा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता आणि दारूने गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडचं कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. भट्टीमागच्या खोलीत भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. धुराने काच इतकी काळवंडली होती की आत माणूस आहे की नुसती मिशी, ते कळायचं नाही.

अंगाने काकू वाळलेल्या पऱ्हाटीसारख्या. जाळायलाही त्या पऱ्हाट्याच वापरायच्या. कापूस वेचून झाला की शेतात जी झाडं उभी राहतात त्यांच्या मोळ्या भट्टीशेजारी रचलेल्या असायच्या. भुवया अर्ध्या जळालेल्या, हातावर ठिणग्यांचे ठिपके. बारीक खोकला कायमचा. बोलणं तुटक, पण आवाज मोठा. त्यांना मी कधी घड्याळ बघताना पाहिलं नाही, कढईत बोट घालतानाही पाहिलं नाही. रेती तापली की नाही ते त्यांना वासावरून कळे. हरभऱ्याला हळद-मिठाचं पाणी लावून ठेवायच्या, तो गरम रेतीत टाकायच्या, आणि तडतड सुरू झाली की डोळे मिटून ऐकत राहायच्या. मग एकदम, "झालं!" आणि झारा चालायचा. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही.

चाखायला मला काकूंनी शिकवलं. शाळेतून येताना मी भट्टीपाशी रेंगाळायचो. त्या तळहातावर एक गरम फुटाणा ठेवायच्या. मी तो गपकन तोंडात टाकला की वैतागायच्या. "खाऊन राह्यला का गिळून राह्यला बे? आधी नाक लाव. मंग दात. मंग जीभ. आन मंग थांब." थांबायचं कशाला ते मला कळायचं नाही. "गिळल्यावर जे मांगं रायते ते खरं," त्या सांगायच्या. "पयले त सारंच गोड लागते." पुढे पुण्यात मी चव कशी घ्यावी याचं तीन दिवसांचं शिक्षण घेतलं. सुटाबुटातल्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, आधी नाक, मग तोंड, मग थांबा. मी वहीत काहीच लिहिलं नाही. शेजारच्याला वाटलं, हा माजोरी आहे.

आता माझ्याबद्दल सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी भित्रा माणूस आहे. यवतमाळला बी.एस्सी. केलं, पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि एका लहानशा ब्रुअरीत बिअर बनवायला लागलो. काम मला फार आवडलं, अजून आवडतं. पण कळंबला सांगितलं काय, तर फूड कंपनीत आहे. आईने त्याची बिस्किटाची कंपनी करून टाकली आणि मी ती राहू दिली. दर खेपेला घरी जाताना बिस्किटांचे पुडेही घेऊन जायचो. खोटं बोललो नाही, नुसतं अर्धवट बोललो, असं मी मनाला सांगायचो. माणूस स्वतःला फसवायला लागला की फार हुशार होतो.

माझ्या मनात एक बिअर करायची होती, इम्पीरियल स्टाउट. तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. रंग तव्याच्या बुडाचा. पेला उजेडासमोर धरला तरी पलीकडचं दिसत नाही. वर फेस येतो तो बदामी. नेहमीच्या बिअरपेक्षा कितीतरी कडक, आणि ती थंडगार प्यायची नसते. जरा वेळ पेल्यात राहू द्यायची, मग ती उघडायला लागते. आधी भाजल्याचा कडूपणा, त्याच्यामागून काकवीसारखं गोड, आणि शेवटी छातीत हळूच शेगडी पेटते. हे सगळं येतं काळ्या भाजलेल्या जवातून. बाहेरून येणारे भाजलेले जव आमच्याकडे पोचेपर्यंत वास उडालेले असायचे. बिअर व्हायची, पण जीभ पुढे काही सांगायची नाही. एकदा असाच वैतागून पेला खाली ठेवला आणि मला कळंबची कढई आठवली.

दिवाळीला गाडीत जवाचं पोतं टाकून गेलो. काकूंनी मूठभर जव हातात घेऊन फुंकर मारली. "हे काय आणलं?"

"जव आहेत काकू. काळे भाजून पाहिजेत. अगदी काळे. पण जळायला नको."

"काळे कायले? कोण खाते काळे?"

मागे खोलीत तो फोटो होता. मी खरं सांगायलाच आलो होतो, शपथेवर सांगतो. गाडीत दोन वेळा वाक्यही म्हणून पाहिलं होतं. पण तोंडातून निघालं, "शुगरवाल्यांसाठी. जवाची कॉफी बनवतो आम्ही."

काकूंचा चेहरा असा उजळला की माझं पुढचं बोलणंच खुंटलं. "पाह्य," त्या म्हणाल्या, "शिकून कामी आला पोट्टा. आण तिकडून."

पहिली कढई करपली. दुसरी बाहेरून काळी, आतून पांढरी राहिली. काकू चिडल्या, माझ्यावर नव्हे, जवावर. आयुष्यभर त्यांनी दाणा जळायच्या आधी काढायचा एवढंच केलेलं. आता त्याला जळण्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत न्यायचं होतं आणि आत जाऊ द्यायचं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी रेती काढून टाकली, कोरडी कढई घेतली, जाळ निम्मा केला आणि दोन तास जागेवरून उठल्या नाहीत. मधून मधून एक दाणा दाताखाली फोडायच्या, डोळे मिटायच्या, थांबायच्या. शेवटी म्हणाल्या, "काळं करता येते बाबू. जाळाचं नाही, एवढंच." मी दाणा चावला. कॉफी, गूळ, भाकरीचा पापुद्रा, सगळं एका दाण्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं धुराने आलं.

त्यानंतर तीन-चार वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी मी जव घेऊन जात होतो. काकू त्या कामाला नुसतं काम मानत नव्हत्या. कुठल्याही घाण्यातली पहिली मूठ त्या विस्तवात टाकायच्या, तो त्यांचा रिवाज होता. जवाच्या वेळी मात्र मूठ टाकून वर हातही जोडायच्या. "दवाई आहे," म्हणायच्या. पुढे पुढे त्यातले मूठमूठ जव बाजूला ठेवायला लागल्या. गल्लीत ज्याला ज्याला शुगर होती त्याला पुडी द्यायच्या, पाण्यात उकळून सकाळी पी म्हणायच्या. "आपल्या बाबूच्या कंपनीतली दवाई आहे." हे मला एकदा माझ्या आईनेच कौतुकाने सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण सकाळी उठून भट्टीवर जाऊन खरं बोललो का? नाही. पोतं गाडीत टाकलं आणि पुण्याला आलो.

एका खेपेला मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला होता. त्या खेपेच्या जवातून जी स्टाउट झाली, तशी मी आधी कधी केली नव्हती. पेला नाकाशी नेला की कडूगोड वासाच्या मागे कुठेतरी फार बारीक धूर होता, शेतात दूरवर कोणीतरी काही पेटवलेलं असावं तसा. मुंबईचे जाणकार लोक चाखायला आले होते. एकजण म्हणाला, ही लाकडी पिंपात मुरवलेली आहे. दुसरा म्हणाला, छे, हे धुरावलेलं माल्ट परदेशातलं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर ना?" मी हसलो. मला स्वतःलाच माहीत नव्हतं तो धूर कुठून आला.

मग एका वर्तमानपत्राने जिल्ह्याच्या पानावर माझ्यावर लिहिलं. यवतमाळच्या पोराची काळी बिअर. वार्ताहराने गोड बोलून विचारलं आणि मी फुगलो. म्हणालो, याचं रहस्य आमच्या कळंबच्या एका काकूंच्या कढईत आहे. फोनमधला कढईचा फोटोही काढून दिला. पेपर छापून आला तेव्हा जरा धडधडलं, पण दोन आठवडे काही झालं नाही. कळंबला जिल्ह्याचं पान कोण एवढं वाचतं, असं म्हणून मी विसरलो. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नाही. ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो तिथला प्रत्येक पेपर महिनाभरात रद्दी होऊन एकाच ठिकाणी जायचा. काकूंच्या पुड्यांना.

पुडी वळता वळता त्यांना स्वतःची कढई दिसली. कानाशी तडा गेलेली आणि तारेने बांधलेली. आणि शेजारी मी, हातात काळा पेला धरून हसणारा.

फोन त्यांच्या मुलीने, सुनंदाताईने लावून दिला. काकू एवढंच बोलल्या, "ये. आन येताना ते बाटली घेऊन ये."

मी गेलो. भर दुपारी भट्टी थंड होती. दिवसाउजेडी ती थंड मी पहिल्यांदाच पाहिली. काकू खोलीत बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर पेपरचा तुकडा, पुडीच्या घड्या हाताने सपाट केलेला. सुनंदाताई दाराशी उभी होती. काकूंनी कागद माझ्यापुढे धरला.

"वाच. मले बारीक दिसत नाही."

मी वाचायला लागलो. माझी स्तुती माझ्याच तोंडाने, त्या माणसाच्या काळ्या पडलेल्या फोटोखाली बसून. मधलं कढईचं वाक्य मी गाळलं.

"एक ओळ सोडली," काकू म्हणाल्या.

सुनंदाताईकडून त्यांनी ते किती वेळा वाचून घेतलं होतं कोण जाणे. मी ती ओळ वाचली. काकूंनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि उशीखाली ठेवला.

"बाटली आणली?"

"काकू, कशाला…"

"आणली का?"

मी पिशवीतून बाटली काढली. सुनंदाताई पुढे आली. "आई, काय करून राह्यली तू? या वयात?"

"गप वं. पेला दे."

स्टीलच्या पेल्यात मी चार घोट ओतले. काकूंनी पेला नाकाशी नेला. गिऱ्हाइकाचा वास घ्यायच्या तशीच मान पुढे, तसाच खोल श्वास. मला वाटलं आता म्हणतील, पुढं जा बापा. पण त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. दाणा फोडत असल्यासारखा जबडा हलवला, जीभ फिरवली, आणि गिळला. मग थांबल्या. रस्त्यावरून एसटी गेली, देवळाकडे कोणीतरी घंटा वाजवली, तरी त्या थांबलेल्याच होत्या. माझ्या बिअरची पारख पुण्या-मुंबईत कित्येकांनी केली आहे. त्या दुपारी जसा मी घामाने भिजलो, तसा कधी भिजलो नाही.

"भाजणं बरोबर आलं," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "हे अवकाळीच्या वक्ताची कढई आहे. पऱ्हाट्या ओल्या होत्या त्या दिवशी. धूर बसला याच्यात."

मुंबईच्या जाणकारांना जे सापडलं नाही ते या बाईने एका घोटात सांगितलं होतं, आणि दारूचा हा त्यांचा आयुष्यातला पहिला घोट होता.

"चांगलं झालं रे," त्या म्हणाल्या. "लय चांगलं झालं. वाईट असतं त बरं होतं. थुकून टाकलं असतं."

त्यांनी आणखी एक लहान घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "तुह्या काकाच्या तोंडाचा वास मी पंधरा वर्षं घेतला. चव कधी घेतली नाही. म्हटलं एकडाव पाहो त, माह्यापेक्षा काय गोड होतं त्याच्यात." त्या फोटोकडे न बघता बोलत होत्या. "रोज दिवे लागले का ते निघत. उपाशी पोटी पिऊ नाही म्हणून मीच फुटाण्याची पुडी बांधून देत होती. पोटात काहीतरी जाईन म्हणून. रोज देत होती बाबू. माह्याच हातचे फुटाणे खात खात गेले ते."

सुनंदाताईने पदर तोंडाला लावला. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मला वाटलं धरणी दुभंगावी. इतकी वर्षं मी त्या नियमाला हसत होतो, पुण्यात मित्रांना त्याची नक्कल करून दाखवत होतो.

"काकू, मी चुकलो," मी म्हणालो.

"मले खरं सांगतलं असतं त मी काय केलं असतं? नाही म्हटलं असतं. तू दुसरीकून भाजून घेतलं असतं. एवढंच झालं असतं ना?"

"हो."

"मंग एवढ्यासाठी खोटं बोलला?"

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. झारा फेकून मारला असता तरी चाललं असतं. त्या खरोखरच विचारत होत्या, न कळल्यासारखं. मग म्हणाल्या, "आन त्या शुगरवाल्याइले आता मी काय सांगू?"

जवाचं एक न भाजलेलं पोतं त्यांच्याकडे शिल्लक होतं. त्यांनी ते मला परत न्यायला लावलं. सुनंदाताईने नंतर फोनवर सांगितलं, की मी गेल्यावर काकू काठी घेऊन निघाल्या आणि घरोघर जाऊन म्हणाल्या, ते दवाई नोहे, फेकून द्या, मी तुमाले खोटं सांगतलं. स्वतःच्या नावावर घेतलं त्यांनी. माझं नाव कुठेही काढलं नाही.

पुण्याला येऊन मी ती स्टाउट बंद केली. मालकाने कारण विचारलं तर म्हणालो, जव मिळत नाहीत. म्हणजे तिथेही अर्धवटच. पुढच्या चतुर्थीला कळंबला गेलो तेव्हा धीर करून भट्टीसमोर उभा राहिलो. दुपारचा एक वाजला असेल. कढई तडतडत होती, परात भरलेली होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मान पुढे काढली नाही, वासही घेतला नाही. शांतपणे म्हणाल्या, "दिवे लागले बाबू."

ऊन डोक्यावर आग ओकत होतं. माझ्या मागे एक बाई लेकरू घेऊन उभी होती. ती गोंधळून वर आभाळाकडे बघायला लागली. मी बाजूला झालो. काकूंनी तिला पुडी दिली, लेकराच्या हातावर वरून चार दाणे ठेवले. मी घरी गेलो आणि आईला सांगितलं, फुटाणे संपले होते.

त्यानंतर दीड वर्ष मी त्या रस्त्याने गेलो नाही. देवळात जायचं तर मागच्या गल्लीने जायचो. गेल्या हिवाळ्यात सुनंदाताईचा फोन आला. काकूंचा खोकला छातीत उतरला होता. जन्मभराचा धूर होता तो, डॉक्टरांनी यवतमाळहून घरी न्या म्हणून सांगितलं होतं. "आईनं तुझं नाव नाही घेतलं," सुनंदाताई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, आईवर गेली आहे. "पण तू ये."

निघालो तो वाटेत गाडी बंद पडून, एसटी बदलत पोचलो, तेव्हा दिवस बुडत आला होता. भट्टीवर पत्रा आडवा लावलेला. आत काकू बाजेवर, बाज रिकामी वाटावी इतक्या लहान झालेल्या. सुनंदाताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, बाबू आला." त्यांनी हात पुढे केला. मी हात दिला. त्यांनी तो ओढून नाकाशी नेला आणि वास घेतला. श्वास पुरत नव्हता, तरी घेतला.

"अजून तेच करतं का?"

सगळ्या प्रवासात मी या प्रश्नाचं उत्तर ठरवत आलो होतो. सोडलं काकू, असं म्हणायचं ठरलं होतं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला तेवढं तरी द्यावं. पण माझा हात त्यांच्या नाकाशी होता.

"हो काकू," मी म्हणालो. "ती काळी बंद केली. बाकीचं करतो."

काकूंनी डोळे मिटले.

"आज खोटं बोलला असता त चाललं असतं बापा," त्या म्हणाल्या. "सुखानं झोपली असती मी."

मला रडू आवरलं नाही. मी त्यांच्या बाजेच्या काठावर डोकं टेकवून लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. तसल्या त्या नव्हत्याच. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, पुष्कळ बारीक झालेला, पण हुकूम तोच.

"सुनंदे, याले पुडी दे."

"आठ दिवस झाले भट्टी बंद आहे आई."

"डब्यात असतीन पाह्य."

सुनंदाताई दाराकडे बघत होती. दाराबाहेर रस्त्यावरचा दिवा नुकताच लागला होता, त्याचा पांढरा उजेड उंबऱ्यापर्यंत आला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "दिवे लागले."

"लागू दे," काकू म्हणाल्या.

सुनंदाताई क्षणभर तशीच उभी राहिली. कळायला लागल्यापासून तिने या घरातून दिवे लागल्यावर एक दाणा बाहेर गेलेला पाहिला नव्हता. मग तिने डबा काढला, पेपरचा तुकडा फाडला, पुडी वळली आणि माझ्या हातात दिली.

पाचव्या दिवशी काकू गेल्या. भट्टी आता सुनंदाताई चालवते. तिला नियम मोडायचं धाडस होत नाही आणि गिऱ्हाइकांनाही विचारायचं होत नाही. आमच्या ब्रुअरीत मी बिअरसोबत मसाला फुटाणे ठेवू देत नाही. मालक दर महिन्याला एकदा विचारतो, अहो, सगळे ठेवतात, तुम्हालाच काय झालंय? मी म्हणतो, शेंगदाणे ठेवा, चकली ठेवा, काय वाटेल ते ठेवा. एके दिवशी त्याला सगळं खरं सांगेन म्हणतो.

त्या संध्याकाळी पुडी घेऊन मी कळंबच्या एसटी स्टँडवर येऊन बसलो होतो. फुटाणे आठ दिवसांचे, मऊ पडलेले, एखाद्या दाण्याला रेती चिकटलेली. मी एकेक खाल्ला. आधी नाक, मग दात, मग जीभ. शेवटचा दाणा गिळला आणि थांबलो. यवतमाळची गाडी फलाटाला लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, गाडी सुटली. मी अजून थांबलोच होतो.